जागल्या बाहेर हजर

कडुबा मगरे यांनी गेल्या नऊ वर्षांत सात खून केले, आणि तेही सकाळी, चहा झाल्यावर, उस्मानपुऱ्यातल्या घराच्या गॅलरीत बसून. मांडीवर फळी, फळीवर शंभर पानी वही. गीताबाई आत भाजी निवडता निवडता विचारायच्या, "मेलं का आज कुणी?" हे म्हणायचे, "आज नुसतं भांडण झालंय. उद्या मरंल." शेजारच्या बाईंनी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांच्या हातातली बादली निसटली होती. पुढं त्याही सरावल्या.

कडुबा गुप्तहेर कथा लिहीत होते. कथांमधलं साल फसली १३४०, म्हणजे आपलं एकोणीसशे तीसच्या आगेमागे. शहर हेच, पण निजामाच्या अमलातलं. छावणीत गोरे साहेब, कोतवालीत अमीन, म्हणजे तेव्हाचा फौजदार, आणि तपास लावणारा रायाजी जागल्या. जागल्या म्हणजे गावाची राखण करणारा, चोरीचा माग काढणारा महार. जनावर चोरीला गेलं की खुरांच्या ठशांवरून शिवेपर्यंत जायचा आणि पुढचा माग शेजारगावच्या जागल्याच्या हवाली करायचा. जमीन वाचणं हे त्याचं शिक्षण. कडुबांनी अशा माणसाला शहरात आणून खुनांच्या मागावर सोडलं होतं.

हे खूळ त्यांच्या डोक्यात शिरलं ते नोकरीत. वैजापूरकडच्या एका तहसिलीत ते रेकॉर्ड कीपर होते. जुने दस्त उर्दूत, आणि ते वाचणारे एक म्हातारे कारकून निवृत्तीला आलेले. कडुबांनी वर्षभर त्यांचा डबा उघडण्यापासून चष्मा पुसण्यापर्यंत सगळं केलं आणि ती वळणदार लिपी शिकून घेतली. मग एक दिवस एक पंचनामा हाती लागला. गाव कडुबांचंच. पाटलाच्या बैलांची चोरी उघडकीला आलेली. अमीनाचं नाव होतं, पाटलाचं होतं, पाचही पंचांची नावं 'वल्द' लावून बापासकट होती. बैलांचं वर्णन तर शिंगांसकट होतं. शेवटच्या ओळीत एवढंच होतं: जागल्या बाहेर हजर.

त्या साली गावचा जागल्या म्हणजे कडुबांचा आजा, रायाजी धोंडू. माग त्यानंच काढला होता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. बैलांना शिंगं होती, आणि आपल्या आज्याला नाव नव्हतं. हे कडुबांना जे लागलं ते लागलंच. त्यांनी ती ओळ एका कागदावर उतरवून घेतली आणि निवृत्त झाल्यावर पहिली वही आणली. रायाजीचं नाव छापून यायला पाहिजे, एवढं एकच मागणं होतं त्यांचं. वय सदुसष्ट, एका डोळ्यात मोतीबिंदू उतरलेला. दुसरं पुस्तक काही व्हायचं नव्हतं.

वह्या गेल्या औरंगपुऱ्यात, एका जिन्यावरच्या छोट्या प्रकाशनाकडे. ते चालवणारी तनुजा तिशीतली, बागायतदार घरातली, तिचं मूळ गावही वैजापूर तालुक्यातलंच. तिचं आडनाव ऐकताच कडुबांना त्या घराण्याचे गट नंबर आठवले. रेकॉर्ड कीपरची खोड, दुसरं काय. ती बोलायला मोकळी होती. तीन रात्री जागून वाचलं म्हणाली. कडुबा दाराजवळच्या स्टुलावर, पुस्तकांच्या गठ्ठ्यांना टेकून, सुखावून बसले होते. तेवढ्यात तिनं विचारलं, "काका, तुमचा रायाजी एकदाही घरात का शिरत नाही?"

"शिरतो की," कडुबा म्हणाले.

नाही म्हणाली. शेवटच्या कथेत देशमुखाच्या माजघरात पुतण्या मरून पडतो. माजघर बघतो अमीन, बाहेर येऊन सांगतो अमीन, आणि अंगणात बसलेला रायाजी नुसता उत्तर देतो. मग हुशार कोण? वाचक विचारणारच. ही एक कथा तरी सुधारा. दिवाळीआधी द्या, म्हणजे पुस्तक काढू. तशीच राहिली तर मला काढता येणार नाही, हेही तिनं सरळ सांगून टाकलं.

घरी येऊन कडुबांनी सगळ्या वह्या चाळल्या. रागातच चाळल्या. या पोरीला दाखवूनच देतो म्हणून एकेक पान उलटलं आणि राग ओसरत गेला. पहिला खुनी सापडला होता सांडपाण्याच्या मोरीवरून. दुसरा उकिरड्यावरच्या राखेवरून. तिसरा दोरीवर वाळणाऱ्या धोतरावरून. चौथा, पाचवा, सहावा, सगळे बाहेरच्या बाहेर. दोनशे चाळीस पानांत रायाजीनं एकही उंबरठा ओलांडला नव्हता. कडुबांनी हे ठरवून केलं नव्हतं. त्यांना माहीतच नव्हतं. त्यांनी कपाटातला तो कागद काढला आणि 'बाहेर' या शब्दावर बोट ठेवलं. पंचनामा लिहिताना ज्यानं नाव खाल्लं त्या निजामाच्या कारकुनाचा हुकूम आपण नऊ वर्षं इमानानं पाळला, असं वाटून त्यांना स्वतःचीच चीड आली.

दुसऱ्या दिवसापासून रायाजीला आत न्यायची खटपट सुरू झाली. 'रायाजी माजघरात शिरला' असं लिहिलं आणि खोडलं. फसली १३४० सालात कोण शिरू देणार होतं? अमीनाच्या हुकमानं शिरतो असं लिहिलं, तर तो बाहेर पडताच देशमुखीण गोमूत्र शिंपडायला आली. तेही लिहिलं, आणि मग वही मिटून गॅलरीत येरझाऱ्या घातल्या. आज्याचा अजून एकदा विटाळ मानून घ्यायला का आपण हे लिहितोय? छप्पन्न साली दीक्षा घेतल्यावर खऱ्या रायाजीनं जागल्याची काठी चुलीत घातली होती. तरी म्हातारा मरेपर्यंत स्वतःच्या घराच्यासुद्धा दारातच बसायचा. लहानग्या कडुबानं ते पाहिलं होतं. आत बोलावलं की म्हणायचा, "हितं बरंय, वारा येतो."

असा महिना गेला. जेवणात लक्ष लागेना. शेवटी गीताबाईंनी विचारलं, आणि कडुबांनी सगळं सांगितलं. गीताबाईंना गुप्तहेर कथांचं काडीचं कौतुक नव्हतं. त्या मेथीची जुडी सोडत म्हणाल्या, "तुमच्या आईला पाटलाच्या घरात कधी पाय टाकू दिला नाय. तरी त्यांच्यात कोण कुणाशी बोलंना, हे तिला मागल्या दारातून पहिलं कळायचं."

"व्हय, पण ह्या पोरीला रायाजी आत पायजे."

"त्यानं कशापायी आत जावं? आतल्यांनी यावं की बाहेर."

कडुबांनी जेवण अर्धवट टाकलं. यावर मात्र गीताबाईंनी त्यांना चांगलंच झापलं.

चार दिवसांत शेवटची कथा नव्यानं उभी राहिली. मागल्या दाराशी रायाजीला एक ठसा मिळतो, डाव्या पायाचा, करंगळी जमिनीला न टेकलेला. माजघरात येण्याची परवानगी तो मागतच नाही. अमीनाला सांगतो, अंगणात शेणाचा ताजा सडा घाला आणि घरातल्या एकेकाला अनवाणी बाहेर चालवा. मग तो अख्खा मातब्बर वाडा खाली मान घालून उंबरा ओलांडत बाहेर येतो. सुना, दिवाणजी, धाकटा देशमुख. रायाजी उकिडवा बसून फक्त पाय बघतो. सगळ्यात शेवटी थोरले देशमुख येतात, आणि ओल्या सड्यावर त्यांच्या डाव्या पायाची चारच बोटं उमटतात.

वही घेऊन कडुबा औरंगपुऱ्यात गेले आणि सवयीनं त्याच स्टुलावर टेकले. तनुजानं त्यांच्यासमोरच वाचायला घेतलं. मध्येच ती वाचायची थांबली.

"आमच्या गावच्या घरी फाटकाबाहेर एक दगड आहे," ती म्हणाली. "जागल्याचा दगड म्हणतात. लहानपणी मी त्यावर उभी राहून सायकलवर चढायची. तिथं कोणी बसायचं, हे माझ्या मनातच आलं नाही कधी. आणि वर तुम्हाला विचारलं, आत का शिरत नाही म्हणून. मला लाज वाटतेय, काका."

"तुम्ही विचारलं म्हनून तर मला दिसलं," कडुबा म्हणाले. "शेवटचं पान राह्यलंय तुमचं."

ती खुर्चीतून उठली, दाराशी आली, आणि त्यांच्या शेजारच्या गठ्ठ्यावर बसून तिनं शेवटचं पान मोठ्यानं वाचलं. त्यावर अमीनानं अंगणातच लिहिलेला पंचनामा होता:

"रायाजी वल्द धोंडू मगरे, जागल्या, हजर. माग यांनीच काढला. थोरले देशमुख, धाकटे देशमुख, दिवाणजी व घरातील सर्व मंडळी बाहेर हजर."