कोबीचा गड्डा आणि सोडियम

नव्वदच्या दशकातली गोष्ट. दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून मी अकरावीला सायन्सला गेले आणि सुरुवातीलाच तोंडावर आपटले. केमिस्ट्रीच्या सरांनी विचारलं, अणूतला सगळ्यात बाहेरचा इलेक्ट्रॉन ओढून काढणं कुणात सोपं, सोडियममध्ये की पोटॅशियममध्ये? मी ठणकावून सांगितलं, "सोडियम! पोटॅशियम मोठा, म्हणजे त्याची पकडही मोठी."

वर्ग खो खो हसला. "बस खाली," सर म्हणाले. "सोमवारी परत विचारणार. नाही आलं, तर मुकाट्याने आर्ट्सला जायचं."

माझं डोकंच फिरलं. आमच्या मळेकऱ्यांच्या घरातून सायन्सला गेलेली मी पहिलीच. परत फिरले असते, तर धाकट्या बहिणींनाही कुणी पाठवलं नसतं.

रविवारी मखमलाबादच्या मळ्यात आई आणि मी बाजारासाठी कोबी साफ करत बसलो होतो. वरची किडकी पानं काढायची, गड्डा टोपलीत टाकायचा. मी रागाने पानं ओरबाडत होते.

"अगं, लय झालं," आई म्हणाली. "कोबीवर कशाला राग काढती? तो काय तुझा मास्तर हाय?"

एक लहान, घट्ट गड्डा काही केल्या पान सोडत नव्हता. शेजारच्या थोराड गड्ड्याचं पान मात्र हात लावताच गळून पडलं. ते गाभ्यापासून लांब होतं, सैल होतं. पोटॅशियमचंही तेच! मोठा आहे, म्हणूनच त्याचा बाहेरचा इलेक्ट्रॉन सहज सुटतो. मी असा आनंदाने ओरडले, की आईच्या हातातला विळा पडला.

सोमवारी मी उत्तर दिलं, मराठीत आणि खणखणीत आवाजात. सरांचं समाधान होईना. "सोडियमचा एक इलेक्ट्रॉन पटकन निघतो. मग दुसरा का निघत नाही?"

हे मी वाचलंच नव्हतं. पण हातांना आठवत होतं: वरचं सैल पान निघालं, की आतला गड्डा घट्ट. "बाहेर एकच सैल होता, सर. तो गेला की खाली गच्च भरलेला थर, तोही केंद्राजवळचा. तो कसा सोडेल?"

या वेळी कुणी हसलं नाही. "बरोबर आहे," सर म्हणाले. "बस."

"बसते, सर," मी म्हणाले, "पण सायन्सलाच."