चिकटपट्टीखालची डिस्क

मंडळी, या ग्रुपवर मी दोन वर्षं एका कंपनीच्या डिस्कच्या नावाने बोटं मोडतोय. "हातातून निसटते, घेऊ नका." आज माझीच जिरली.

सकाळी धसईला, भात कापलेल्या शेतात, आमचा डिस्क गोल्फचा डाव होता. चकती फेकायची आणि कमीत कमी फेकींत लांबच्या टोपलीत पाडायची, एवढाच खेळ. कोणत्या कंपनीची चकती भारी, यावरचं भांडण मात्र खेळापेक्षा जास्त वेळ चालतं.

आमच्यातल्या वंदनाताई किन्हवलीच्या दवाखान्यात नर्स आहेत. आज त्या कुठून कुठून मागून सहा पिवळ्या चकत्या घेऊन आल्या. सगळ्यांवरची नावं पांढऱ्या चिकटपट्टीने झाकलेली.

"आता फेका. नाव बगून हात बदलतो तुमचा."

मी सहाही फेकून पाहिल्या. एक हातात अशी बसली की सोडवेना. तीनदा फेकली, तिन्ही वेळा टोपलीपाशी.

"हीच आपली!" मी छातीठोकपणे सांगितलं.

ताईंनी पट्टी सोलली. तीच कंपनी!

"अहो, पण माझ्या हातून निसटली होती ती!"

"तेव्हा पाऊस होता ना, दादा. तुमचा हात चिखलाने भरलेला. मी बगितला ना."

म्हणजे ताईंना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. वाद नाय, टोमणा नाय. सरळ पट्टी चिकटवून आणली. मानलं बाईंना!

माझं ऐकून कोणी ती डिस्क माळ्यावर टाकली असेल तर आजच खाली काढा. आणि खरं सांगा, तुम्ही जी कंपनी टाळता, तिची डिस्क पहिल्यांदा फेकली तेव्हा तुमचा हात कोरडा होता का?