छोट्या काडतुसांची पेटी

"मेलेल्या माणसाच्या वस्तूला हात लावायचा तर आधी घरात विचारायचं असतं," व्लास्ता म्हणाली. "आमच्या वेळी तरी तशी पद्धत होती."

"विचारलं की मी. काल विचारलं," ब्लांका म्हणाली.

"काल तू विचारलंस आणि मी नाही म्हटलं. संपलं ना तिथंच?"

"तुम्ही नाही म्हटलं नव्हतं, आई. तुम्ही 'बघू' म्हणालात."

"माझ्या 'बघू'चा अर्थ काय असतो, हे एवढ्या वर्षांत तुला कळायला हवं होतं."

लाकडी पेटी स्वयंपाकघरातल्या टेबलावर दोघींच्या मधे होती. एका कडेवर सुनेचा हात, दुसऱ्या कडेवर सासूचा. लुबोश, म्हणजे एकीचा नवरा आणि दुसरीचा मुलगा, ओट्यापाशी उभा राहून उकडलेल्या कणकेचा जाड उंडा दोऱ्यानं कापत होता. आमच्याकडे त्याला सुरी लावत नाहीत, सुरीनं तो दडपतो.

"आई, देऊन टाक," तो पाठमोराच म्हणाला. "नाही तर देऊ नकोस. पण टेबल मोकळं करा. सॉस निवतोय."

"तू कोणाच्या बाजूचा आहेस?" व्लास्तानं विचारलं.

"मी भुकेल्यांच्या बाजूचा."

"हा असाच," ब्लांका म्हणाली. "याला वाटतंय मी हरावं, पण तोंडानं बोलणार नाही."

लुबोशच्या हातातला दोरा थांबला. ते खरं होतं.

ब्लांका नगर पोलिसात होती. बारा वर्षं तिनं गावाच्या रस्त्यांवर गस्त घातली होती. शाळा सुटताना रस्ता अडवणं, द्राक्षांच्या हंगामात वाइनच्या तळघरांतून झोकांड्या खात निघालेल्यांना घरी पोचवणं, नवरा-बायकोच्या भांडणात दोघांच्या मधे उभं राहणं, सगळं तिचंच. गेल्या हिवाळ्यात टपाल कचेरीसमोर बर्फावर घसरलेल्या एका म्हाताऱ्याला उचलताना ती स्वतःच पडली आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं. डॉक्टरांनी शेरा दिला, हात ठणठणीत आहे. पण वसंतातल्या नेमबाजीच्या परीक्षेत तिच्या अर्ध्या गोळ्या कागदाच्या खाली मातीत गेल्या. पिस्तूल झटका देणार हे हाताला आधीच कळायचं, आणि चाप ओढण्याच्या क्षणी तो आपसूक खाली दबायचा. मनगट दुखत नव्हतं. दुखेल म्हणून घाबरत होतं.

आता जूनअखेर परीक्षा पुन्हा होती. त्यातही नापास झाली तर पिस्तूल जमा, गस्त बंद. मग नगरपालिकेच्या तळमजल्यावरच्या खोलीत बसून कॅमेऱ्यांचे पडदे बघायचे. त्या खोलीतली जागा नेमकी याच वेळी रिकामी झाली होती. खोली उबदार होती, तिथे रात्रपाळी नव्हती, आणि लुबोश त्या खोलीचा विषय आठवड्यातून दोनदा तरी जेवताना काढायचा.

पेटीचं असं होतं. सासरा, ओताकार, गावाबाहेरच्या शस्त्रांच्या कारखान्यात फिटर होता. गावातल्या निम्म्या घरांत त्याच कारखान्याचा पगार आला आहे, त्यामुळे इथे पिस्तुलाबद्दल प्रत्येकाला मत असतं, जसं लोणच्याबद्दल असतं. ओताकारचं स्वतःचं पिस्तूल नगर पोलिसांकडे असतं त्याच बनावटीचं होतं. त्याच्यामागे ते विकलं, पण पेटी राहिली. पेटीत त्याच पिस्तुलावर बसणारा दुसरा वरचा भाग होता, नळीसकट, आणि त्याचं वेगळं मॅगझिन. तो बसवला की पिस्तूल नेहमीच्या जाड काडतुसांऐवजी पॉइंट टू टूची चिमुकली काडतुसं खातं. एका मोठ्याच्या भावात ती चार-पाच येतात, आणि झटका म्हणाल तर दार लोटल्याइतका. नगरपालिका सरावाला मोजून काडतुसं देते. ती संपली की खिसा आपला. परवाना लुबोशच्या नावावर करून घेतला होता. पेटी मात्र व्लास्ताच्या कपाटात, उशांच्या अभ्र्यांखाली.

"ओताकार त्यानं फक्त पोरांना शिकवायचा," व्लास्ता म्हणाली. "चिमण्यांना भिववायचं खेळणं आहे ते."

"मग खेळू दे मला."

सासूनं सुनेकडे पाहिलं. मग पेटीवरचा हात काढून तिनं टेबलावरचा न दिसणारा कण झाडला. "एका अटीवर. पेटी जिथे जाईल तिथे मी येणार. तेल कोण लावतं, कोण पुसतं, मला बघायचंय."

"म्हणजे रविवारी मी एकटाच जेवायचं?" लुबोशनं विचारलं.

"तू भुकेल्यांच्या बाजूचा ना?" ब्लांका म्हणाली. "बस त्यांच्याबरोबर."

त्यानंतर दर रविवारी सकाळी ब्लांका ठाण्यात जाऊन सही करून पिस्तूल घ्यायची, घरून सासू आणि पेटी घ्यायची, आणि जुन्या वीटभट्टीमागच्या खाणीत जायची. नेमबाजी मंडळाचं मैदान तिथे आहे. तीन बाजूंना मातीचे उंच कडे, एका बाजूला शेड, कडेला मंडळाचं छोटं उपाहारगृह. मैदान सांभाळणारा स्वातोप्लुक, ओताकारचा जुना दोस्त, व्लास्ताला बघून टोपी काढून उभाच राहिला.

"व्लास्ता! आता पुन्हा तुझ्या हातचा गुलाश शिजणार का मंडळात?"

"चहा होईल. गुलाशाला माणसं लायक लागतात."

ब्लांकानं पिस्तूल रिकामं असल्याचं दोनदा पाहिलं. खिळी काढली, वरचा जड भाग उतरवला, पेटीतला बसवला. मूठ तीच, चाप तोच. पहिली गोळी सुटली तेव्हा तिला हसू आलं. एवढंसंच. वाळकी शेंग फुटावी तसा आवाज. हात जागचा हलला नाही, कारण हलण्यासारखं काही नव्हतं. दुसरी, तिसरी. कागदावरची भोकं आधी पसरलेली होती, पुढच्या रविवारी ती जवळ आली. मेच्या मध्यावर पाच गोळ्यांची भोकं बशीखाली झाकली जात होती, महिनाअखेर कपाखाली. ब्लांकानं तो कागद घरी आणून फ्रिजवर चुंबकानं लावला. लुबोश दूध काढताना तो बघायचा आणि दार जरा जोरात लावायचा.

"चांगलं आहे," तो एकदा म्हणाला. "परीक्षेला चिमणीच्या गोळ्या चालतात का?"

"नाही चालत."

"मग?"

"मग काही नाही. आधी हात बसू दे."

हात बसला होता. मोठी काडतुसं घालायची वेळ आली होती, आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. जूनच्या पहिल्या रविवारी स्वातोप्लुकच्या आग्रहावरून तिनं पिस्तुलाचा मूळ भाग चढवला, खरी काडतुसं भरली. पहिली गोळी कागदाच्या एक हात खाली मातीत धप्पकन गेली. दुसरीही. ब्लांकानं तिसरी सोडलीच नाही. मॅगझिन काढलं, पिस्तूल रिकामं केलं, पुन्हा पेटी उघडली. छोट्या काडतुसांनी तिनं पुन्हा भोकांचा कपाएवढा घोस काढला, आणि जणू काही झालंच नाही अशी ती चहा प्यायला आली.

परतताना रेल्वेचं फाटक बंद होतं, गाडी थांबली. व्लास्ता म्हणाली, "लुबोश लहान असताना चोखणी सोडत नव्हता."

"आई, प्लीज."

"दात आले तरी सोडेना. पोटात काही जात नव्हतं, पण तोंडाला बरं वाटायचं."

"म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला? सरळ बोला ना!" फाटक उघडलं तरी ब्लांकानं गाडी हलवली नाही. मागच्यानं भोंगा वाजवला. "सरळ बोला, की सूनबाईला जमत नाही. खोलीत बस म्हणा. तुमच्या मुलाला हवंच आहे ते."

"तू डोळे मिटतेस."

"काय?"

"मोठ्या काडतुसाला. आवाज यायच्या आधी. छोट्याला नाही मिटत. गाडी काढ, तो मागचा शिव्या देतोय."

गाडी निघाली. व्लास्ता खिडकीबाहेर बघत बोलत राहिली. मंडळाच्या स्वयंपाकघराची खिडकी कडेला आहे. तिथून लक्ष्य दिसत नाही, नेमबाजांची तोंडं दिसतात. सगळे कागदाकडे बघायचे तेव्हा तिनं पातेलं ढवळत वर्षानुवर्षं तोंडं बघितली होती.

"ओताकारही मिटायचा," ती म्हणाली.

ब्लांकानं मान वळवून पाहिलं.

"रस्त्याकडे बघ. कारखान्यात चाचणी चालू असताना एकदा त्याच्या शेजारच्याच्या हातात नळी फुटली. त्या माणसाचा अंगठा गेला. ओताकारला ओरखडाही नाही. पण त्यानंतर वर्षभर त्याच्या गोळ्या जमिनीत. ही पेटी त्यानं तेव्हा घेतली. लोक म्हणाले, ओताकार चिंगूस, काडतुसाचे पैसे वाचवतो. त्यानं म्हणू दिलं. चिंगूस म्हणवून घेणं त्याला परवडलं."

"मग त्याचं पुढे कसं काय..."

"मॅगझिन मी भरायचे."

पुढच्या रविवारी व्लास्ता चहा करायला गेलीच नाही. शेडमधल्या बाकावर ब्लांकाकडे पाठ करून बसली आणि मांडीवर दोन डब्या ठेवल्या. एकीत खरी मोठी काडतुसं, दुसरीत खोटी. वजनाला, आकाराला तशीच, पण आत दारू नाही. एका मॅगझिनात तिनं दोन्ही मिसळून दाबून भरली. तिची बोटं वाकडी झाली होती, पण अंगठ्याचा जोर अजून होता.

"कितवं खोटं आहे?" ब्लांकानं विचारलं.

"सांगितलं तर मी इथे कशाला?"

ब्लांका उभी राहिली. पहिली गोळी सुटली, खाली गेली. दुसऱ्यांदा चाप ओढला तेव्हा नुसतं टिक् झालं, आणि बार नसतानाही नळीनं पुढे खाली एवढी मोठी डुबकी मारली, की शेजारच्या पट्ट्यातला माणूस फसकन हसला. ब्लांकानं पहिल्यांदाच स्वतःच्या भीतीला डोळ्यांनी पाहिलं. धूर नाही, धक्का नाही. नुसता तिचाच हात, कोणी न मारता मार चुकवणारा.

"हे मी करते?"

"हे तू करतेस."

"देवा! कोंबडी दाणा टिपते तशी दिसत असेन मी."

"कोंबडी डोळे उघडे ठेवते," व्लास्ता म्हणाली. "पुन्हा."

त्या दिवसापासून क्रम ठरला. आधी छोटी काडतुसं, हाताला आठवण करून द्यायला की हे असं सोपं असतं. मग सासूनं भरलेलं मिसळीचं मॅगझिन. आणि शेवट नेहमी खऱ्यावर, मग तो कसाही होवो. रविवार पुरेना, तेव्हा स्वातोप्लुक बुधवारी संध्याकाळीही कुलूप काढायला लागला. डुबकी एकदम गेली नाही. एक दिवस जायची, दुसऱ्या दिवशी पाहुण्यासारखी परत यायची. एका बुधवारी ब्लांकानं चिडून कानावरचं संरक्षण बाकावर आपटलं आणि म्हणाली, आता बास. व्लास्तानं पुढचं मॅगझिन तिच्यासमोर धरलं. त्यात सगळी खरी होती. ब्लांकाला ते माहीत नव्हतं. प्रत्येक वेळी तिला वाटत होतं, हे खोटं असेल. ती वाट बघत राहिली आणि गोळ्या कागदात जात राहिल्या. बशीएवढा घोस, कपाएवढा नाही. पण कागदात.

"फसवलंत मला," ती म्हणाली.

"काय करणार? सरळ बोललेलं तुला झोंबतं."

फ्रिजवरचा जुना कागद काढून ब्लांकानं हा लावला. याच्यावरची भोकं मोठी, कडा काळ्या, आणि एक थेट कोपऱ्यात गेलेलं. लुबोश दूध काढायला आला, उभा राहून बघत बसला, दूध विसरला.

"हे खऱ्याचं?" त्यानं विचारलं.

"खऱ्याचं."

"कोपऱ्यातलं काय?"

"ते शेवटचं. हात थकला होता."

 लुबोश खुर्चीवर बसला. "ब्लांका, दवाखान्यात तुला नेलं ना, तेव्हा कोणी मला सांगेना की फक्त मनगट आहे. अर्धा तास मला वाटलं... मला ती खोली तुझ्यासाठी नाही गं आवडत. माझ्यासाठी आवडते."

"माहितेय मला."

"माहीत होतं तर बोलली का नाहीस?"

"तू कबूल करायची वाट बघत होते."

व्लास्ता खसखशीच्या पावाला लोणी लावत होती. तिनं वर बघितलं नाही. "अर्धा तास!" ती म्हणाली. "मी तुझ्या बापाबरोबर वर्षभर ती भीती काढलीय. भीती वाटते म्हणून माणसाला कपाटात ठेवता येत नाही. खा."

"आई, तू आधी नको म्हणत होतीस पेटीला."

"नव्हतेच द्यायला तयार. मग?"

लुबोश हसला, पण चेहऱ्यावरची काळजी काही गेली नाही. त्यानं पाव घेतला, अर्धा मोडला. "नगरपालिकेला सोमवारपर्यंत उत्तर हवंय," तो म्हणाला. "खोलीचं. तू त्यांना म्हण, परीक्षेपर्यंत ती राखून ठेवा. पास झालीस तर सोड. निदान पायाखाली काहीतरी राहील."

ब्लांकानं चहाचा कप खाली ठेवला. पायाखाली आधाराची फळी आहे हे माहीत असलं की हात पुन्हा वाकणार, हे तिला आता माहीत होतं. ते तिनं कोणाला समजावून सांगितलं नाही.

"दुपारी जाऊन आले मी तिकडे," ती म्हणाली. "खोलीला नाही म्हणून सांगितलं. परीक्षा जूनअखेर नाही, या शुक्रवारी सकाळी देते आहे. ठाण्याच्या प्रमुखांनी नाव लिहून घेतलंय."