रबरी पट्ट्याचा सत्कार

आजाऱ्याला भेटायला जाऊन आजाऱ्याकडे न बघणारा माणूस साऱ्या आदिलाबाद जिल्ह्यात एकच होता, आणि तो माझा मामेसासरा होता. बायकोचे हे सख्खे मामा मंचेरियलकडच्या कोळशाच्या खाणीत फिटर होते. निवृत्त झाल्यावर जैनथला आमच्यापासून दोन घरं सोडून राहायला आले. दवाखान्यात शिरले की ते आधी सलाईनच्या स्टँडची चाकं फिरवून बघत, मग कॉटचा दांडा, मग लघवीच्या पिशवीची तोटी, आणि एखादी वस्तू मनास आली की तिला हात जोडत. आजाऱ्याला वाटे, आपलं काही खरं नाही. एका लग्नाच्या पंगतीत त्यांनी नवरीच्या आजोबांना कवळी काढून दाखवायला लावली आणि तिची बैठक उत्तम आहे असं चारचौघांत जाहीर केलं. "डॉक्टरचा सत्कार सारेच करते, जवाईबापू," ते म्हणत. "ज्यानं बेडपॅनची कड गोल केली, त्याले कोणी हार घातला का?" चांगली वस्तू दिसली की ती बनवणाऱ्या कारखान्याला ते पोस्टकार्ड टाकत: तुमच्या कुबडीखालचं रबर ओल्या फरशीवर घसरत नाही, आभारी आहे. आयुष्यात उत्तर एकदाच आलं. ते दरपत्रक होतं. मामांनी ते पत्र्याच्या डब्यात जपून ठेवलं.

दसऱ्याला लोक पाटावर विळा, तराजू, लेखणी मांडतात. मामांच्या पाटावर गल्लीतल्या कुबड्या, चष्मे, कवळ्या आणि कानाची यंत्रं असत. पूजेला बसलेल्या वस्तूला दिवे लागेपर्यंत कामाला लावायचं नाही, हा त्यांचा नेम. त्यामुळे त्या दिवशी गल्लीतली म्हातारी मंडळी पुरणपोळी दुधात कुस्करून खात आणि एकमेकांचं बोलणं ऐकू येत नसल्याने मोठ्या प्रेमाने माना डोलावत.

एका वर्षी मात्र हा नेम माझ्या जिवाशी आला. माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला होता. उजवा हात लुळा, आणि उजव्या पावलाचा चवडा उचलला जात नसे. तो जमिनीला अडके आणि बाबा पडत. मी पाटबंधारे खात्यात पेनगंगेची पातळी मोजणारा माणूस, मोजल्याशिवाय मला राहवत नाही. श्रावणात बाबा अकरा वेळा पडले. आता कमरेचं हाड मोडलं तर उठणं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आणि बाबांनी हट्ट धरला होता की दसऱ्याला वेशीबाहेरच्या शमीपर्यंत स्वतःच्या पायांनी जाणार. मी ते अंतर दोरीने मोजून आलो. चारशे बारा मीटर. माझी झोप उडाली.

मामा आले. बाबांच्या तोंडाकडे न बघता बराच वेळ बुटाकडे बघत बसले. मग तीन दिवस स्वतःचा उजवा हात पंच्याने कमरेला बांधून हिंडले. लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. चौथ्या दिवशी त्यांनी एक पट्टा आणला: गुडघ्याखाली कातड्याचा पट्टा, त्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी, टोकाला बुटाच्या लेसमध्ये अडकणारा मोठा आकडा. रबर चवडा वर धरून ठेवी. मी त्याला दोन विटा बांधून दिवसभर खुंटीला टांगलं.

"इटा चालते का?" मामा म्हणाले. "ज्याले चालाचं हाये त्याले इचारा. तुमी काऊन लटकून राह्यले?"

अंगणात तीन आठवडे बाबा एकदाही पडले नाहीत. दसऱ्याच्या सकाळी मामा ताट घेऊन पट्टा मागायला आले.

"आज तो मिळायचा नाही," मी म्हणालो. "शमीला कसे जातील ते?"

मामा ताट या हातातून त्या हातात घेऊ लागले. अडचणीत पडलेले मामा मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले. शेवटी बाबाच म्हणाले, "मीच बसतो पाटावर."

बाबा पाटावर पाय पसरून बसले. मामांनी वाकून पट्ट्याला हळदकुंकू वाहिलं.

"आणि नेम?" मी विचारलं.

"देवच चालून राह्यला, तर आपण काऊन अडवाचं?"

निघालो. मी दोन्ही हात पसरून मागे, पावलं मोजत. दोनशे त्रेसष्टाव्या पावलाला लेसमधून आकडा निसटला आणि बूट मातीत घासला. मी झेपावलो, मामांनी माझं मनगट धरलं.

"थांबा."

"पडतील ते."

"नाई पडत." मामा बाबांकडे वळले. "इवाईबुवा, एका हातानं होते. मी पायलं हाये करून."

बाबा कुंपणाच्या खांबाला टेकले, वाकले आणि डाव्या हाताने आकडा परत अडकवला. तीन दिवस बांधलेल्या हाताचा अर्थ मला तिथे कळला. पुढची पावलं मी मोजली, पण हात खाली घेऊन. एकूण सातशे एकोणचाळीस.

शमीचं पहिलं पान बाबांनी मामांपुढे धरलं. "मले काऊन? त्याले द्या," मामा म्हणाले. बाबांनी ते पट्ट्यात खोचलं.

दुसऱ्या दिवशी मी पोस्टकार्ड लिहिलं आणि दोन घरं सोडून राहणाऱ्या माणसाला टपालाने पाठवलं: तुमच्या पट्ट्याने वडील सातशे एकोणचाळीस पावलं चालले, पडले नाहीत, आभारी आहे. मामा त्याबद्दल कधी अवाक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, टपालात गहाळ झालं.

मामा गेल्यावर तो पत्र्याचा डबा आमच्याकडे आला. दरपत्रकाखाली माझं कार्ड होतं. त्याच्यावर कुंकवाची बोटं उमटलेली होती, दर दसऱ्याचं एक. जुनी फिकट, शेवटचं अजून लाल. मी मोजली. सात होती.