तंबाखू सरांचा चौथा प्रश्न

सुपारीचं खांडसुद्धा कधी तोंडात न टाकलेल्या माणसाला आमचं आख्खं कॉलेज ‘तंबाखू सर’ म्हणायचं. आम्हाला ते अमेरिकेचा इतिहास शिकवायचे, आणि वर्षाच्या पहिल्या तासाला शहागंजच्या बाजारातून आणलेलं तंबाखूचं पान टेबलावर ठेवून बोलायला सुरुवात करायचे. पानाशेजारी कापसाचं बोंड, गुळाचा खडा आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेले सुके बोंबील. पुडी सुटली की पहिल्या बाकावरच्या मुली नाकाला रुमाल लावायच्या आणि मागून कुणीतरी ओरडायचं, “सर, उद्या कांदा-मिरची पण आणा!” सर हसायचे नाहीत. “मासा हसण्यावारी नेऊ नका,” म्हणायचे. “उत्तरेकडच्या वसाहतींनी ह्याच्यावर जहाजं उभी केली. ह्याच्यापेक्षा जाड मासा होता, एवढाच फरक.”

मी सिल्लोडहून आलेला. सर मुलांना नावानं कमी आणि गावानं जास्त ओळखत, त्यामुळे मी त्यांच्यासाठी कायमचा ‘सिल्लोड’ झालो. एकदा त्यांनी सांगितलं, की व्हर्जिनियात उतरलेले इंग्रज पहिल्या वर्षांत उपाशी मरत होते. तिथल्या मूळच्या लोकांचा मका मिळाला, तो पेरायचा कसा हे त्यांच्याकडून शिकले, म्हणून वसाहत तगली. आमच्या घरी मक्याची आडत. मी उभा राहिलो. “सर, मग आमच्या सिल्लोडचा मका कुणाचा?”

“त्यांचाच. तुमच्या आडतीवर फार उशिरा पोचला,” सर म्हणाले. “बस, सिल्लोड.”

त्यांचा सगळा विषय तीन प्रश्नांवर उभा होता. कुठल्याही मालाचं नाव निघालं की ते बोटांवर मोजत विचारायचे, “माल कुणाचा? जहाज कुणाचं? भाव कुणाचा?” तंबाखूला लंडनमध्ये भाव आला तेव्हा व्हर्जिनियाच्या लोकांनी रस्त्यातसुद्धा तंबाखू लावली. खायला धान्य उरेना, तेव्हा प्रत्येकानं घरापुरता मका पेरलाच पाहिजे असा कायदा करावा लागला. माल वसाहतीचा, पण तो इंग्रजांच्या जहाजातून इंग्लंडलाच जायचा, आणि भाव तिकडचा व्यापारी ठरवायचा. कुऱ्हाडीपासून कापडापर्यंत सगळं त्याच्याच दुकानातून परत यायचं. हे ऐकून एका मुलानं उत्तरपत्रिकेत लिहिलं, की तंबाखूनं वसाहतीचं वाटोळं केलं. सरांनी निम्मे गुण कापले. “तंबाखूनं वसाहत जगवली, हेही लिही. पुढची श्रीमंती त्यातूनच आली. अर्धं उत्तर म्हणजे चुकीचं उत्तर.”

हे तीन प्रश्न मला पुढे कारखान्यात रोज भेटले. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मी हिशेबनीस म्हणून लागलो. आमचा सगळा माल एकाच मोठ्या गिऱ्हाइकाला जायचा. माल आमचा, ट्रक त्याचा, भावही त्याचाच. मी मालकांना दुसरं गिऱ्हाईक शोधायला सांगत राहिलो. त्यांनी शोधलं, म्हणून पुढच्या मंदीत आमचा दरवाजा उघडा राहिला. शाबासकी मला मिळाली. खरं तर ती सरांची होती.

सर स्वतःच्या घरीही तसेच वागत. देवगाव रंगारीला त्यांची आणि धाकट्या भावाची एकत्र जमीन होती. भाऊ, आप्पा, ती कसायचे. त्या भागात सगळ्यांनी अद्रक लावायला घेतली होती आणि भाव चढता होता. ठिबक आलं, पत्रे जाऊन स्लॅब आले. आप्पांना आख्ख्या रानात अद्रक लावायची होती. सरांनी एकच गोष्ट धरून ठेवली: विहिरीपलीकडचा एकराचा तुकडा ज्वारीला राहील. “घराची भाकर घरच्या रानातून आली पाहिजे,” म्हणायचे. दरवर्षी हा वाद व्हायचा, आणि दरवर्षी आप्पा कुरकुरत ज्वारी पेरायचे.

नोकरीला लागल्यावर एका दिवाळीत सरांबरोबर मीही गावी गेलो होतो. अद्रकीच्या वाफ्याजवळ उभं राहून आप्पांनी पुन्हा विषय काढला. “दादा, त्या तुकड्याची ज्वारी परवडत नाय. लोकं हसत्यात मला.”

“हसू दे. अद्रकीचा भाव कोण ठरवतं?”

“व्हय, व्हय. माल कुणाचा, जहाज कुणाचं, भाव कुणाचा. मला बी तोंडपाठ हाय ते.” आप्पांनी खुरपं बांधावर ठेवलं. “एक मी इचारू का? घाम कुणाचा?”

सरांनी खुरप्याकडे पाहिलं.

“तुम्ही शहरात पगार घेता. तुकडा तुमच्या शब्दाचा, आन खुरपं माझ्या हातात. हे तुमच्या पुस्तकात कुठं बसतं, तेवढं सांगा.”

परतीच्या एस.टी.त सरांनी तिकिटं खिशात ठेवली. मग म्हणाले, “सिल्लोड, तंबाखू कोण तोडत होतं, हे मी तुम्हाला कधी शिकवलं?”

“शेवटच्या तासाला, सर. घंटा व्हायच्या आधी.”

“घंटा व्हायच्या आधी,” ते म्हणाले. “म्हणजे गुंडाळलंच.”

पुढच्या वर्षी त्यांचा पहिला तास होता त्या दिवशी मी सुट्टी घेऊन मागच्या बाकावर जाऊन बसलो. पान, बोंड, गूळ, बोंबील, सगळं तसंच मांडलेलं होतं. सरांनी तीन प्रश्न फळ्यावर लिहिले आणि खाली चौथा लिहिला: घाम कुणाचा? ते म्हणाले, “हा प्रश्न मी आजवर नीट विचारला नाही. माझ्या भावानं मला तो विचारला.” मग त्यांनी तंबाखूच्या पानापासून सुरुवात केली: आफ्रिकेतून साखळदंडात आणलेली माणसं, त्यांची विकली गेलेली लेकरं, आणि ज्यांनी मका पेरायला शिकवला त्यांनाच त्यांच्या रानातून कसं हुसकलं. त्या दिवशी कांदा-मिरचीची आठवण कुणाला झाली नाही.

पण सरांचं समाधान फळ्यावर लिहून होणारं नव्हतं. त्यांनी आप्पांना कळवलं, की यापुढे तुकडा मी स्वतः कसेन. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिली होती. घरच्यांनी समजावलं, गुडघ्यांची आठवण दिली. सर शनिवारी दुपारी देवगाव रंगारीची एस.टी. धरायचे आणि रविवारी संध्याकाळी परत यायचे. आप्पा म्हणाले, “बैल देतो. मी यायचो नाय.” सरांनी लहानपणी धरलेली पेरणीची तिफण पुन्हा धरली. ज्वारी उगवली तेव्हा सगळ्या ओळी वाकड्या. आप्पा बांधावरून ओरडले, “दादा, ओळी इंग्रजीत टाकल्या काय? वाचायला येईनात!”

“उगवल्यात ना?” सर म्हणाले. “मग वाचशील हळूहळू.”

मी हिशेबाचा माणूस. सरांनीच सांगितलं म्हणून मी एकदा त्या ज्वारीचा खर्च मांडला. एस.टी.चं भाडं धरलं तर ती दुकानातल्या ज्वारीच्या दुप्पट महाग पडत होती. सर म्हणाले, “माझी मजुरी धरलीस का?” ती धरल्यावर तिप्पट झाली. “बरोबर. असंच सांगायचं सगळ्यांना. मी परवडतं म्हणून करत नाही.” हेही लिहिलं पाहिजे, की त्या वर्षांत आप्पांच्या अद्रकीनं चांगला पैसा दिला, आणि दोन पुतण्या त्या पैशावर शिकल्या. सर ते स्वतःहून सांगायचे.

मग पाऊस लागोपाठ दोन वर्षं नीट झाला नाही. शहर तोवर जालना रोडनं चिकलठाण्याच्याही पुढे सरकलं होतं, कालपर्यंत जिथं तूर होती तिथं इमारती उभ्या होत्या, आणि त्या इमारतींखाली आम्ही पिंप घेऊन टँकरची वाट बघत होतो. देवगावची विहीर हिवाळ्यातच तळाला गेली. आप्पांनी टँकर विकत घेऊन अद्रक जगवली, आणि मग पैसे संपले तसा एक दिवस टँकर बंद केला. पिवळी पडलेली पानं जमिनीला टेकली. त्या दिवसापासून ते कुणाशी धड बोलेनात.

सरांच्या तुकड्यात ज्वारी कमरेएवढीच वाढली. कणसं बारीक, दाणा जवळजवळ नाही. पण काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर ती उभी राहिली, आणि तिचा कडबा झाला. काढणीला मी गेलो होतो. निवृत्त झालेले सर एकेक ताट उपटत पुढे सरकत होते, दर ओळीला थांबत होते, आणि मी हात पुढे केला की “तू पेंढ्या बांध” म्हणत होते.

आप्पांनी बैलजोडी जनावरांच्या चारा छावणीत न्यायचं ठरवलं होतं. गोठ्यातला चारा संपला होता. सरांनी गाडीभर कडबा गोठ्यापुढे उतरवला, तसे आप्पा दारात आडवे उभे राहिले.

“उचला तो, दादा. मला नको.”

“का?”

“मीच इचारलं हुतं ना, घाम कुणाचा म्हणून? घाम तुमचा. कडबा तुमचा. उद्या लोकं म्हणतील, भावाला नावं ठेवली आन भावाचाच चारा घातला.”

त्यांचा आवाज चढला होता, पण नजर बैलांवर होती. बैलांच्या बरगड्या दिसत होत्या. सर पेंढीवर बसले, धाप लागली होती. कपाळ पुसून म्हणाले, “आप्पा, तिफण कुणी ओढली?”

आप्पांनी नजर सरांकडे वळवली.

“मी नुसती धरली होती. आठवड्यातून एकदा येणारा म्हातारा काय ओढणार? घाम ह्या दोघांचा. त्यांचा कडबा त्यांना घाल. आपण दोघं कोण मधे पडणारे?”

आप्पा दारातून बाजूला झाले. पेंढी सोडली, बैलांपुढे टाकली आणि त्यांच्या पाठीवर हात ठेवून किती तरी वेळ तसेच उभे राहिले. तो कडबा जपून घातला तर पावसापर्यंत जेमतेम पुरेल एवढाच होता. तो पुरला. जोडी घरीच राहिली.

सरांना जाऊन आता काही वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात मी भेटायला गेलो की ते देवगावच्या पावसाची चौकशी करायचे, स्वतःच्या तब्येतीची मला करू द्यायचे नाहीत.

परवा मी देवगावला गेलो होतो. अद्रकीला पुन्हा भाव आहे, शिवार हिरवंगार आहे. विहिरीपलीकडच्या तुकड्यात मात्र ज्वारी उभी होती, आणि तिच्या ओळी सरळ होत्या. मला राहवलं नाही. म्हटलं, “आप्पा, आताच्या भावानं इथं अद्रक लावली असती तर...”

“हिशोब मला बी येतो, सिल्लोड,” आप्पा म्हणाले. ह्या नावानं मला हाक मारणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही. त्यांनी गेल्या हंगामाच्या ज्वारीचं पोतं आणून माझ्या स्कूटरवर ठेवलं. मला फुकट घेण्याची सवय नाही. मी पाकीट काढलं आणि भाव विचारला.

आप्पांनी दोरीची गाठ आवळली.

“ह्याचा भाव मी ठरवणार,” ते म्हणाले. “आन मला लावायचा नाय.”