ब्रेकच्या दिवसांतली शालन

शालन गेल्याचा फोन मला अँटॉप हिलहून आला. तिच्या बहिणीचा. तिथल्या सरकारी क्वार्टर्समध्ये सकाळी चहा गाळता गाळता शालन खाली बसली ती उठलीच नाही. आमच्या लालबागच्या चाळीत मात्र सगळे हळहळत होते की शालन तर गावी गेलीय, आता तिला इथे आणणार कधी? तासाभरात गाडी दारात आली तेव्हा बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तिची मुलगी पूनम रडता रडताच म्हणाली, "आई काल रात्रीच गावाहून आली, मावशीकडे उतरली होती." मी तिथेच उभी होते. त्या तशा वेळीसुद्धा मला संताप आला... कारण शालन गावी गेलेली नव्हती. कुठल्याच मे महिन्यात ती गावी जात नव्हती.

आम्ही एका चाळीतल्या, एका शाळेतल्या. मी पुढे कामगार संघटनेच्या ऑफिसात लागले, ती परळच्या एका मोठ्या खासगी हॉस्पिटलात आया म्हणून. तिथे पोचल्यावर युनिफॉर्मच घालायचा असला, तरी घरातून निघताना इस्त्रीची साडी आणि लिपस्टिक हवीच. जिन्यात जो भेटेल त्याला वॉर्डातल्या गमती सांगत निघायची. दर मे महिन्यात हॉस्पिटल तिचा पास काढून घ्यायचं, काही दिवस घरी बसवायचं आणि मग नवा पास देऊन परत घ्यायचं, जणू बाई आजच पहिल्यांदा कामाला आली. याला म्हणायचं ब्रेक. नोकरी सलग दिसली तर उद्या बाई कायम करा म्हणेल, म्हणून ही सगळी नाटकं. त्या वॉर्डात शालनचे केस पिकले, पण कागदोपत्री ती दरवर्षी नवीनच.

आणि ही बया काय करायची? ब्रेक लागला की बॅग भरून मजल्यामजल्यावर हाका मारायची, "गावी चाललेय गो, कोणाचं काय द्यायचं असेल तर द्या!" एकदा खालच्या काकूंनी खरंच लाडवांचा डबा दिला. तो तिने दादरला जाऊन कोकणातल्या बसच्या ड्रायव्हरच्या हवाली केला. परत येताना दादरच्या दुकानातलीच कोकमं घ्यायची आणि 'आमच्या घरची' म्हणून चाळभर वाटायची. मीही खाल्लीत.

मला हे कळलं ते अचानक. संघटनेच्या कामासाठी अँटॉप हिलला गेले होते, तर समोर भाजीच्या गाडीवर गाऊन घातलेली शालन भेंड्या निवडतेय. मी हाक मारली तर तोंड फिरवलंन. मग म्हणाली, "नलू, चाळीत बोलू नको हां." मी चिडले. म्हटलं, "चोरी तू केलीस की त्यांनी?" तेव्हा ती बोलली. तिचे वडील गिरणीत बदली कामगार होते. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, कुणी गैरहजर असेल तर आत, नाहीतर परत. "बाबा डबा घेऊन तसेच परत यायचे ना, तेव्हा सगळी चाळ गॅलरीत येऊन बघायची. आई दार लावून घ्यायची. मला तसं परत यायचं नाय."

माणसाला वर्षानुवर्षं तात्पुरतं ठेवायचं, आणि तेही कायम कामगाराचे हक्क द्यावे लागू नयेत म्हणून, ही कायद्याने अनुचित प्रथा आहे. हे मी तिला कितीदा समजावलं असेल! शेवटी ती आणि तिच्या वॉर्डातल्या आणखी काही बायका तयार झाल्या, औद्योगिक न्यायालयात तक्रार दाखल झाली. सगळं एका गोष्टीवर अडलं होतं. ब्रेक हॉस्पिटलने दिले, बायका आपणहून गेल्या नाहीत, एवढंच सांगायचं होतं. सगळ्यांत जुनी म्हणून पहिली साक्ष शालनची. वकिलांनी तिची तयारी करून घेतली, मीही घेतली. त्या दिवशी नेमका तिचा जावई अर्धी रजा टाकून सोबतीला आला. आपण पर्मनंट आहोत आणि ही पगारवाढीची केस आहे, असं शालनने त्याला सांगून ठेवलेलं. तो मागच्या बाकावर येऊन बसला.

उलटतपासणीत हॉस्पिटलच्या वकिलांनी अगदी गोड आवाजात विचारलं, "मे महिन्यात तुम्ही कामावर नसता. कुठे जाता?" शालनने मान वळवून मागे बघितलं.

"गावी जाते. आंब्याचे दिवस असतात."

"स्वतःच्या मर्जीने?"

"मग? मला कोण घरी बसवणार?"

ते वकील हसले आणि खाली बसले. आमच्या वकिलांनी नंतर पुष्कळ सावरायचा प्रयत्न केला, पण तोंडातून गेलेलं कागदावर आलं होतं. तक्रार फेटाळली गेली. निकालानंतर कोर्टाच्या पायऱ्यांवर मी तिला काय काय बोलले! बाकीच्या बायका तिला एका शब्दाने बोलल्या नाहीत, उलट तिला मध्ये घेऊन चहाला गेल्या, याचाही मला राग आला. हे काय चाललंय? ज्यांनी पास काढून घेतले ते ताठ मानेने फिरतात आणि लाज वाटते ती हिला! पुढच्या मे महिन्यात तिने पुन्हा बॅग भरली.

आता तिला जाऊन काही आठवडे झाले. हॉस्पिटलातून कोणी आलं नाही. ब्रेकमध्ये गेलेली बाई आमची नव्हतीच, असं तिथल्या साहेबांनी पूनमला फोनवर सांगितलं. परवा संध्याकाळी चाळीच्या जिन्याखालच्या फळ्यावर सेक्रेटरी तिच्या शोकसभेची सूचना लिहीत होते. नाव लिहून झालं, हॉस्पिटलचं नाव झालं आणि खडू थांबला. गॅलरीत चारदोन माणसं बघत उभी होती.

"ताई, तुम्ही युनियनवाल्या, तुम्हाला नक्की ठाऊक," ते म्हणाले. "त्या तिथे पर्मनंट होत्या ना?"

खरं काय ते सांगायला मी तोंड उघडलं. सगळी चाळ ऐकत होती.

"हो," मी म्हटलं. "पर्मनंट होती."