बंद माइकवरून गेलेलं आमंत्रण

या सदरातले अनुभव मी वाचतो, पण विश्वास ठेवून नाही, करमणूक म्हणून. माझा धंदाच आवाजाचा आहे. गोंदियाजवळ सौंदडला माझी साऊंड सर्व्हिस आहे – लग्नाचे मंडप, भागवत सप्ताह आणि दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीतली नाटकं. वीस वर्षांत मंडपात ‘विचित्र आवाज’ आला म्हणून मला कितीदा बोलावलं असेल, आणि प्रत्येक वेळी भूत सैल वायरीतच सापडलं. त्यामुळे खालची गोष्ट लिहायला मलाच अवघड जातंय...

साल २०१३. माझे वडील – आम्ही बाबूजी म्हणतो – लकवा मारून अंथरुणावर होते. उजवी बाजू गेली आणि वाचाही जवळजवळ गेली. कान तोंडाशी नेला तर एखादा जाड, घोगरा शब्द कळायचा. मान हलवून हो-नाही सांगायचे, बस.

त्याच्या वर्षभर आधी माझी धाकटी बहीण भारती घर सोडून बंगलोरला गेली होती. तिनं पसंत केलेला मुलगा आमच्या पोवार समाजातला नव्हता. बाबूजी तेव्हा ठणठणीत होते. “मी बोलावल्याशिवाय या घरी येजो नको,” असं त्यांनी तिला तोंडावर सांगितलं. मुलगी बापावरच गेलेली. लकव्याची बातमी कळल्यावर फोनवर ढसाढसा रडली, पण आली नाही. “ते आपल्या तोंडानं म्हणतील तेव्हाच येईन, भाऊ.” आता तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, ठरलं होतं, आणि ज्यांनी बोलवायचं त्यांचा आवाज एक हातभरही जात नव्हता.

म्हणून मी व्हिडिओ कॉलचा घाट घातला. एका टोकाला भारती, दुसऱ्या टोकाला रायपूरला असलेला मधला भाऊ विनोद, आणि इकडे आम्ही सगळे. माझा जुना डेस्कटॉप बाबूजींच्या खाटेजवळ आणला. कॅमेरा होता, पण त्याला माइक नव्हता. म्हटलं, माइकवाल्याच्या घरी माइकची काय चिंता?

तिथंच माझी जिरली. आधी मी आमचा स्टेजचा माइक जोडला. तो तोंडाशी धरावा लागतो. धरला की बाबूजी बिचकून मान फिरवायचे. मग उंच मानेचा एक टेबल माइक आणला. तो फक्त समोरचं ऐकायचा. बाबूजींकडे वळवला तर माय गायब, मायकडे वळवला तर बाबूजी. शेवटी गोंदियाच्या दुकानदारानं चपटा, गोल माइक पुढे केला. “भैया, ये टेबल पे रख दो, पूरा कमरा पकड़ेगा.” मला पटलं नाही, कारण सगळं ऐकणारा माइक आमच्या धंद्यात डोकेदुखी असतो. पण घरी लावून पाहिला तर खरंच, बाबूजींची कुजबुज विनोदला रायपुरात कळली. माइकच्या कडेला एक स्विच होता आणि हिरवा दिवा. चालू असेल तर दिवा लागायचा.

रविवारी सकाळी अकराला कॉल लागला. खोलीत बाबूजी, त्यांच्या उशाशी माय, मी, आणि बाबूजींचे थोरले भाऊ – आमचे मोठेबाबा. त्यांना मी बोलावलं नव्हतं, पण घरात वडीलधारे तेच, ते आलेच.

पाच मिनिटं तब्येतीची विचारपूस झाली. मग भारती पुढे सरकली. “बाबूजी, मी येऊ का? तुम्ही म्हणा.”

बाबूजींचे ओठ थरथरले. तेवढ्यात मोठेबाबा ताडकन उभे राहिले. “कायले विचारून राहिली त्याले? एकदा नाही म्हटलं ना त्यानं! तोच शब्द हाय त्याचा!”

आमच्या धंद्यात एक सवय हाडात भिनलेली असते. स्टेजवर कोणी भांडायला लागला की काही विचार न करता हात स्विचवर जातो. माझाही गेला. दिवा विझला, मी डोळ्यांनी पाहिलं. मग मी मोठेबाबांकडे वळलो आणि आमची चांगलीच जुंपली. आवाज पार आंगणात गेला असेल. माय बाबूजींच्या छातीवर हात ठेवून बसली होती.

दोनेक मिनिटांनी स्पीकरमधून भारतीचा हुंदका आला. ती दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होती. “येतो बाबूजी... परवाच येतो,” म्हणाली आणि कॉल कट झाला.

मोठेबाबा माझ्याकडे वळले. “कोणं बोलावलं इले?”

तेवढ्यात माझा मोबाइल वाजला. विनोद होता. “भाऊ, बाबूजी किती साफ बोलले! पहिल्यासारखे!”

“काय म्हणाले?”

“म्हणजे? तू तं तिथंच होता ना. म्हणाले – भारती, ये बाई. त्या दिवशी मागच्या दारानं गेली, आता समोरून ये.”

मी विचारलं, “अन् मोठेबाबा ओरडून राहिले होते, ते?”

“ओरडून? हात हलवताना दिसले. आवाज कोणाचाच नव्हता, भाऊ. फक्त बाबूजींचा.”

मी मायला विचारलं. ती शपथेवर सांगते, बाबूजींच्या तोंडून शब्द निघाला नाही. तिचा हात त्यांच्या छातीवर होता, तिला कळलं असतं. पण मागच्या दाराचं ऐकल्यावर तीही चपापली. “मागच्याच दारानं गेली होती पोरगी. मीच कडी काढून देली. मले वाटे हे झोपून आहेत.” हे ना मला ठाऊक होतं, ना विनोदला.

मी गप्प बसणारा माणूस नाही. माइक उघडून पाहिला, स्विच ठीक होता. बंद करून त्यावर ओरडलो. विनोदला काही ऐकू गेलं नाही. कॉम्प्युटरला दुसरा माइक नव्हताच. चालू केला की खोलीतलं सगळंच जायचं, एका माणसाचा आवाज वेगळा काढणारा माइक निदान मी तरी पाहिलेला नाही. शेवटी बाबूजींनाच विचारलं, “तुम्ही बोलले का भारतीशी?” त्यांनी मान हलवली. नाही.

तिसऱ्या दिवशी भारती सौंदडच्या स्टेशनवर उतरली. घरी आली ती समोरच्या दारानं, आणि मोठेबाबा ओसरीवर बसलेले असताना. मला भीती होती ती बाबूजींची. बोललोच नाही, अशी त्यांनी तर मान हलवली होती. तिला बघून ते ओळखेनात की काय असं वाटलं, इतके स्थिर होते. मग डाव्या हाताचा रेटा देऊन एक वीत बाजूला सरकले आणि खाटेवर तिच्यापुरती जागा केली.

साक्षगंध झालं, लग्नही झालं. त्यानंतर बाबूजी चौदा महिने होते. पुन्हा तसे कधी बोलले नाहीत. स्विचचं मी फक्त विनोदला सांगितलं, भारतीला नाही.

कोणाला यातलं काही कळत असेल तर जरूर सांगा, मला इतक्या वर्षांत सुचलेलं नाही. भीती वगैरे वाटत नाही, वाईट मात्र वाटतं. त्यांना आंघोळ मी घालायचो, घास मी भरवायचो, एका शब्दासाठी तोंडाशी कान मी न्यायचो. त्यांचा तो पहिल्यासारखा आवाज बंगलोरला गेला, रायपूरला गेला... आणि चार फुटांवर उभा असलेल्या मला ऐकू आला नाही.